रकाना सातवा

कुटबणच्या जेटीवर सकाळी साडेसहाला
बर्फाचा चुरा चपलेखाली करकरतो
आणि मी हाका मारते: एतवा! एतवा केरकेट्टा!
ट्रॉलरच्या पोटातून एकेक डोकं वर येतं,
सगळ्यात शेवटी त्याचं.

डबी हातात देऊन मी सांगते,
थुंकी नको, बाबा,
छातीच्या तळातलं हवं, उठल्याउठल्याचं.
तो समुद्राकडे तोंड करतो.
बावीस वर्षांचा माणूस, जाळं ओढून हाताला घट्टे पडलेले,
आणि खाकरायला लाजतो.
तांडेल कामील सुकाणूपाशी उभा राहून हसतो.

फॉर्मवर सातवा रकाना आहे:
रुग्ण नवा की जुना. एकावरच खूण करा.

एतवा म्हणतो, लहानपणी झाला होता, सिमडेग्याला.
सहा महिने गोळ्या, एक चुकवली नाही.
आईला आकडे येत नव्हते,
ती दर गोळीला भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची.
भिंत भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेला.
मग हा कुठला, बाई?

पात्रांवना विचारा, ते सांगतील.
हे भायले, गावाहून घेऊन येतात,
पिशवीत सत्तू आणि छातीत हे.

मी खण पाहिलेला आहे.
ओढणीने मोजलासुद्धा: दोन ओढण्या लांब, एक रुंद.
नऊ माणसं, एक झडप,
आणि ऑगस्टात पाऊस आत येतो म्हणून तीही बंद.
डिझेलचा वास, ओले कपडे, एकाचा श्वास दुसऱ्याच्या मानेवर.
गेल्या हंगामात याच्या उशाला जो निजायचा
तो खोकत खोकत बंदीच्या आधीच गावी गेला.
ओडिशाचा होता, एवढंच ठाऊक आहे सगळ्यांना.
नंबर लागत नाही.

म्हणजे निजलेला जागा झाला,
की जाग्याच्या शेजारी हा निजला?

मडगावच्या प्रयोगशाळेत मी विचारलं.
डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
जंतूंचीही वंशावळ लावता येते, पण
जुना ताडून बघायला जुना तर हवा.
सिमडेग्याला कोणी जपून ठेवलाय?
(त्या भिंतीवरही एव्हाना चुना लागला असेल.)

मी दोडामार्गची. अकरा वर्षं नावेलीला भाड्याने राहते,
घरमालकीण अजून प्रेमाने विचारते,
गांवाक केन्ना वतां?
नोकरीत लागल्यावर माझ्याही हातात सुई टोचली होती,
दोन दिवसांनी आठ आण्याएवढी गाठ उठली.
काही नाही, म्हणाले, आत आहे, निजलेला आहे.
कुठून आला, ते मला कोणी विचारलं नाही.
माझ्यासाठी रकाना नव्हता.

मी ‘जुना’वर खूण केली.
तिसरा चौकोन असता तर तिथे केली असती.
समासात पेन्सिलीने लिहिलं: नऊ माणसं, एक झडप.
आमचा कारकून पेन्सिल वाचत नाही.

पंधराव्या दिवशी एतवा जेटीवरूनच ओरडला,
बाई, नारिंगी होतंय अजून!
होऊ दे, मी म्हटलं, गोळी पोचतेय म्हणायची.
आता तो वर निजतो, जाळ्यांच्या ढिगावर,
प्लास्टिक पांघरून.
आठही जण तपासले. एकाने नाव खोटं सांगितलं,
दुसऱ्याने डबीत नुसतं पाणी भरून दिलं.

मी पिशवी आवरत होते
तेव्हा कामील मागून आला,
इकडेतिकडे बघत, हसू गिळून.
हळूच हात पुढे केला.
म्हाका एक डबी दी गो, बाय. तीन सप्तकां जालीं.

मी नवा फॉर्म काढला. नाव, वय, गाव: बेतूल.
कधी बाहेर राहिलात? गल्फ, मुंबई?
ना, तो म्हणाला, हांव हांगचोच,
आणि खाकरायला
समुद्राकडे तोंड केलं.